रूबी मायर्स ऊर्फ सुलोचना

‘सुलोचना’ हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या मनात बहुधा दोन व्यक्ती उभ्या राहतात. एक म्हणजे पडद्यावर वत्सल आणि सोशिक आईच्या भूमिका करणाऱ्या सुलोचना लाटकर. त्या २०२३ साली निवर्तल्या. दुसऱ्या सुलोचना चव्हाण. त्यांनी लावणीला घरोघर पोहोचविले आणि २०२२ साली जगाचा निरोप घेतला. पण या दोघींचा जन्म होण्यापूर्वीच हे नाव हिंदुस्थानातल्या शहरोशहरी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांवर झळकू लागले होते. ते धारण करणारी स्त्री पुण्यात जन्मलेली होती, आणि तिचे खरे नाव होते रूबी मायर्स. आज मला आपणाशी बोलायचे आहे ते या पहिल्या सुलोचनेविषयी.

रामायणात सुलोचना ही इंद्रजिताची पत्नी. शब्दाचा अर्थ सरळ आहे: सुंदर डोळ्यांची. चित्रपटातल्या नटीला हे नाव ज्याने कोणी सुचविले असेल, त्याला आपला व्यवसाय चांगला समजत होता असे म्हटले पाहिजे. मूकपटात जे काही सांगायचे ते डोळ्यांनीच सांगायचे. ओठ हलत, पण शब्द ऐकू येत नसे. तो मागाहून पाटीवर उमटे. अशा त्या मुक्या सृष्टीत जिचे डोळे बोलतील ती राणी. रूबी मायर्सचे डोळे बोलत होते, आणि सहा वर्षे ती त्या सृष्टीची राणी होती. नंतर चित्रपटाला कंठ फुटला, आणि त्या राणीला कोणीतरी विचारले, ‘बाई, तुमची भाषा कोणती?’ तिने त्या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यामुळेच तिची गोष्ट सांगण्याजोगी झाली आहे.

रूबी मायर्स यांचा जन्म १९०७ सालचा. त्यांचे घराणे बगदादी ज्यूंपैकी मानले जाते. ‘ज्यू’ म्हटल्यावर महाराष्ट्रात प्रथम आठवतात ते कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची आडनावे पेणकर, चेऊलकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. त्यांची मातृभाषा मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर मराठीत कीर्तने रचून ती आपल्या मंडळीपुढे केली. बगदादी ज्यूंची गोष्ट निराळी. ते इराक आणि आसपासच्या देशांतून व्यापारासाठी आले. त्यांचे अग्रणी डेव्हिड ससून यांचे नाव पुण्याच्या रुग्णालयामुळे आजही लोकांच्या तोंडी आहे, आणि त्यांनी बांधावयास घेतलेले पुणे लष्करातील प्रार्थनामंदिर, ज्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, १८६७ साली पुरे झाले. या मंडळींच्या घरात आधी अरबी आणि पुढे इंग्रजी नांदत होती. पुण्यात राहूनही त्यांच्या बैठकीच्या खोलीत मराठी किंवा हिंदुस्थानी भाषेचा शिरकाव बेताचाच होता.

अशा समाजातली ही मुलगी तरुणपणी मुंबईत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करू लागली. हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. टेलिफोन जोडून देणाऱ्या मुलीचा केवळ आवाज ऐकू येतो, चेहरा कोणालाच दिसत नाही. याच मुलीला कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी हेरले आणि जेथे केवळ चेहरा दिसतो, आवाज कोणालाच ऐकू येत नाही, अशा धंद्यात येण्याचे निमंत्रण दिले. तिने ते प्रथम नाकारले. भवनानींनी पिच्छा सोडला नाही, आणि अखेर ती कबूल झाली. १९२५ साली ‘वीर बाला’ हा तिचा पहिला चित्रपट आला.

तिच्या नकाराचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. कुलीन घरांतून मिळण्याची आशा नव्हतीच. पण जिला समाजाने आधीच वाळीत टाकले होते, अशा वस्तीतूनही कोणी यावयास तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण त्यांच्या दृष्टीस पडला आणि तो तारामती झाला. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मधल्या काळात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या मायलेकींनी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त काम केले. या कमलाबाई म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले. पण अशी उदाहरणे विरळा. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे म्हणजे घरातून उठून जाणे, अशीच समजूत दृढ होती.

ही कोंडी ज्यांनी फोडली त्या मुली बहुतांशी समाजाच्या कडेला राहणाऱ्या लहान जमातींतल्या होत्या. अँग्लो-इंडियन आणि ज्यू घरांतल्या मुली कचेरीत टंकलेखन करीत, दुकानात विक्री करीत, टेलिफोनवर बसत. चारचौघांत उघड्या तोंडाने वावरण्याची आणि स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याची त्यांना सवय होती. धंद्याला त्यांची गरज होती. मात्र त्यांची नावे धंद्याला नको होती. सीतेचे काम करणारी मुलगी स्मिथ किंवा मायर्स या नावाने लोकांपुढे कशी आणावी? म्हणून रेनी स्मिथ हिची सीतादेवी झाली, आयरिस गॅस्पर हिची सवितादेवी झाली, एफी हिपोलेट हिची इंदिरादेवी झाली. रूबी मायर्सची सुलोचना झाली ती याच रीतीने. आमच्या बायकांनी जे करू नये असे आम्ही ठरविले होते, ते आम्ही दुसऱ्यांच्या मुलींकडून करून घेतले, आणि त्यांना आमच्या बायकांची नावे दिली. भारतीय रजतपटाच्या बाल्यावस्थेतील हे देणे आपण सहसा हिशेबात धरीत नाही.

सुलोचनाबाईंच्या मूकपटांची नुसती नावे वाचली तरी त्या काळचे बदलते शहर डोळ्यांपुढे उभे राहते. १९२६ साली ‘टेलिफोन गर्ल’ आला. त्यात आपली कालची नोकरीच त्या पडद्यावर करीत होत्या. त्याच वर्षी चंदुलाल शहा यांनी दिग्दर्शित केलेला ‘टायपिस्ट गर्ल’ आला. १९२९ साली ‘इंदिरा बी. ए.’ आला. पौराणिक सती आणि देवी यांच्या शेजारी ही नोकरी करणारी, शिकलेली, आपल्या मनाने लग्न ठरवू पाहणारी नायिका येऊन उभी राहिली. प्रेक्षक तिच्यावर टीकाही करीत आणि तिला पाहण्यासाठी गर्दीही करीत. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ या चित्रपटात त्यांनी एकटीने आठ रूपे घेतली: माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचा उनाड पोर, केळी विकणारी, सोनेरी केसांची युरोपियन बाई, आणि आणखी. चौदा वर्षांपूर्वी एका पुरुषाला तारामती व्हावे लागले होते. आता एक बाई पोलीस शिपाई होऊन दाखवीत होती. इतक्या थोड्या अवधीत एवढी उलथापालथ आपल्या रंगभूमीवरही झाली नाही.

कोहिनूर सोडून सुलोचनाबाई इम्पीरियल फिल्म कंपनीत आल्या. ही कंपनी अर्देशीर इराणी यांची. तेही पुण्यातच जन्मलेले. मुंबईला केनेडी पुलाजवळ कंपनीचा स्टुडिओ होता. येथे दिग्दर्शक आर. एस. चौधरी यांच्या हाताखाली त्यांचे सर्वांत गाजलेले मूकपट निघाले: १९२८ चे ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’, व १९२९ चा ‘इंदिरा बी. ए.’. त्यांपैकी ‘अनारकली’ची हकीकत मजेदार आहे. लाहोरच्या एका कंपनीने इम्तियाज अली ताज यांच्या नाटकावरून हाच विषय घेऊन मोठ्या थाटाचा चित्रपट हाती घेतला होता. त्यात नायिका होती वर सांगितलेली सीतादेवी. इम्पीरियलला याचा सुगावा लागताच तिने झपाट्याने आपली ‘अनारकली’ पुरी करून आधी पडद्यावर आणली आणि बाजी मारली. अकबराच्या दरबारातल्या त्या दासीचे सोंग एका चित्रपटात अँग्लो-इंडियन मुलीने घेतले होते आणि दुसऱ्यात ज्यू मुलीने! तिसरी कोणी मिळतच नव्हती.

या वर्षांत सुलोचनाबाईंच्या लोकप्रियतेला सीमा राहिली नाही. दिनशा बिलिमोरिया या देखण्या नटाबरोबर त्यांची जोडी जमली. महात्मा गांधींच्या हस्ते झालेल्या एका खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा लघुपट जेव्हा दाखविण्यात आला, तेव्हा त्याच्या जोडीला ‘माधुरी’तले त्यांचे एक नृत्य ध्वनीची साथ देऊन जोडले होते. खादीच्या प्रचाराला सुलोचनेच्या नाचाची जोड! पण लोकांची नाडी ओळखणाऱ्याने ती जोड दिली होती, हे नाकारता येत नाही. त्या नृत्याला साथ करणारा तो ध्वनी मात्र येऊ घातलेल्या वादळाची चाहूल होती.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. तो काढला इम्पीरियलनेच, म्हणजे सुलोचनाबाईंच्या स्वतःच्या कंपनीने. स्टुडिओजवळून आगगाड्या जात. त्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून चित्रण रात्री करावे लागे. पण कंपनीची सर्वांत मोठी नटी या चित्रपटात नव्हती. नायिकेची भूमिका झुबेदाला मिळाली. ती उर्दूच्या वातावरणात वाढलेली होती. नायकाची भूमिका मास्टर विठ्ठल या आपल्या मराठी नटाकडे आली. मूकपटातील मर्दानी कामांसाठी तो प्रख्यात होता. पण उर्दू त्याच्या जिभेवर नीट बसेना. तेव्हा त्याचे पात्र बऱ्याच वेळा गुंगीत असल्याचे दाखवून त्याच्या वाट्याची भाषणे कमी करण्यात आली. तलवारीचा हात ज्याचा कोणी धरू शकत नव्हता, त्याला एका ‘काफ’ने नि एका ‘गैन’ने जायबंदी केले.

यातली आणखी एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्रायल होते. पारशी रंगभूमीसाठी ते नाटके लिहीत. म्हणजे कोकणातल्या एका ज्यू घराण्याच्या पुरुषाने लिहिलेल्या शब्दांनी पुण्याच्या एका ज्यू मुलीचे राज्य डळमळले. दोघे एकाच धर्माचे. एकाचे पूर्वज शतकानुशतके येथल्या मातीत राहून येथल्या बोलीत मुरले होते; दुसरीचे घर बंदरात नांगर टाकलेल्या गलबतासारखे आपल्याच भाषेत तरंगत होते. फरक धर्माचा नव्हता, जिभेचा होता.

सुलोचनाबाईंपुढे आता दोन वाटा होत्या. मिळविलेल्या पैशावर स्वस्थ बसावे, ही पहिली. त्यांच्या पिढीतल्या कित्येक नटींना ती पत्करावी लागली आणि त्यांची नावे अल्पावधीत पुसली गेली. दुसरी वाट अवघड होती. वय चोवीस, कीर्ती शिखरावर, आणि हाती घ्यावयाचे होते ते बालवर्गातले पुस्तक. त्यांनी तीच वाट धरली. वर्षभर काम बाजूला ठेवले आणि त्या हिंदुस्थानी शिकल्या.

हे एक वाक्य चरित्रग्रंथांतून एका ओळीत संपते. पण परक्या भाषेच्या प्रदेशात ज्यांचा संसार उभा राहिला आहे त्यांना त्या ओळीचे वजन कळेल. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत तेथली पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतर मरोद्यासारख्या वसाहतींतून देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसे येऊन राहिली, त्यांत आम्ही मराठी मंडळीही होतो. घरात मराठी, कारखान्यात हिंदी, बाजारात छत्तीसगढी, असा आमचा दिनक्रम. पहिल्या पिढीचे लोक हिंदी बोलू लागले की दुसऱ्या वाक्याला समोरचा हसून विचारी, ‘आप महाराष्ट्र से हैं क्या?’ त्या हसण्यात दुष्टावा नसे. तरी विचारलेला प्रश्न विसरला जात नसे. शब्द पाठ करता येतात, व्याकरण घोटता येते. पण कानाला वळण लागणे आणि जिभेने ते मानणे, याला वेळ आणि नम्रता लागते. आमच्या चुका भाजीवालीच्या कानी पडत आणि तेथेच विरत. सुलोचनाबाईंची चूक मात्र फितीवर कायमची उमटणार होती, आणि ती ऐकावयास सारा देश चित्रगृहात बसलेला होता.

१९३२ साली ‘माधुरी’ बोलपट होऊन पुन्हा आली. चार वर्षांपूर्वी ज्या कथेत त्या नुसत्या दिसल्या होत्या, त्याच कथेत आता त्या बोलत होत्या. याच ‘माधुरी’त पंडित विनायकबुवा पटवर्धन यांचीही भूमिका होती, गंधर्व नाटक मंडळीतला तो अनुभवी गायक त्याच वर्षी पुण्यात गांधर्व महाविद्यालय स्थापन करण्याच्या खटपटीत होता. एका बाजूला बालपणापासून स्वरात वाढलेला बुवा, आणि दुसऱ्या बाजूला वर्षभरापूर्वी भाषेची मुळाक्षरे गिरवीत असलेली नायिका! ‘माधुरी’ लोकांनी उचलून धरली. रूबी मायर्स परीक्षेत उतरल्या.

त्यानंतर त्यांनी एकेक करून आपले गाजलेले मूकपट बोलके केले. ‘इंदिरा बी. ए.’ ची १९३४ साली ‘इंदिरा एम. ए.’ झाली. नायिकेची पदवी वाढली, ही कंपनीची चतुराई. पण मला तीत सुलोचनाबाईंच्या स्वतःच्या पदवीची नोंद दिसते. १९३५ साली ‘अनारकली’ बोलू लागली. १९३६ साली ‘वाइल्डकॅट’चे ‘बंबई की बिल्ली’ असे नामांतर होऊन ती आली. इंग्रजी नावाची जागा हिंदुस्थानी नावाने घेतली. त्या काळी पार्श्वगायनाची सोय रूढ व्हावयाची होती. नटीला गाणेही स्वतःच म्हणावे लागे, आणि तेही चित्रण चालू असतानाच. त्यामुळे बोलपटाच्या नायिकेची कसोटी दुहेरी होती: उच्चार हवा आणि सूरही हवा.

या वर्षांत त्यांना महिना ५,००० रुपये पगार मिळे. सोने तोळ्याला पस्तीस रुपयांच्या आसपास असण्याचे ते दिवस. त्यावरून या रकमेची कल्पना यावी. मुंबईच्या गव्हर्नरालासुद्धा एवढा पगार नाही, असे लोक म्हणत. लोकांचे म्हणणे हिशेबाला उतरो वा न उतरो, एका टेलिफोन ऑपरेटर मुलीची तुलना त्यांना थेट गव्हर्नराशी करावीशी वाटली, हे पुरेसे बोलके आहे. त्यांच्या शेव्हरोले मोटारीची चर्चा होई. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘रूबी पिक्स’ नावाची स्वतःची निर्मितिसंस्थाही काढली. तिच्या नावात ‘सुलोचना’ नाही, ‘रूबी’ आहे. पडद्यावर धंद्याने दिलेले नाव चालले. पण स्वतःच्या मालकीच्या पाटीवर त्यांनी जन्माचे नाव लिहिले.

उतारही लवकरच लागला. नव्या कंपन्या आल्या, नव्या तरुण गायिका-नट्या आल्या. बोलपटाने सुशिक्षित आणि प्रतिष्ठित घरांची दारे हळूहळू उघडली. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोट्यांसारखी सुविद्य घरातली स्त्री तारामती झाली. ज्या भूमिकेला १९१३ साली बाई मिळत नव्हती, तिला आता कुलीन बाई मिळाली. ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्यांनी मधली वीस वर्षे लोकनिंदा सोसून ती वाट मळविली, त्यांची गरज या आनंदातच संपली. सुलोचनाबाईंची इम्पीरियल संस्थाही १९४० च्या आधीच बंद झाली. मग त्यांच्या वाट्याला आल्या त्या दुय्यम भूमिका: वडीलधारी बाई, प्राध्यापिका, आई.

१९५३ साली ‘अनारकली’ तिसऱ्यांदा आली. नायिका बीना राय. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल. त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी ‘इंदिरा एम. ए.’ दिग्दर्शित केला होता. सुलोचनाबाई या चित्रपटात होत्या. पण अनारकली म्हणून नव्हे, सलीमची आई म्हणून. क्षणभर ते दृश्य मनापुढे आणावे. जिने १९२८ साली शब्दावाचून अनारकली उभी केली, १९३५ साली कष्टाने मिळविलेल्या भाषेत तीच अनारकली बोलकी केली, ती आता राणीच्या वेषात बाजूला उभी आहे, आणि समोरची तरुण अनारकली लता मंगेशकरांच्या आवाजात गात आहे. पार्श्वगायनाने चेहरा आणि गळा यांची पुन्हा फारकत केली होती. जो प्रश्न सुलोचनाबाईंना वर्षभर घरी बसवून गेला, तो पुढच्या नायिकांपुढे निम्मा उरला होता. त्या राणीच्या डोळ्यांत तेव्हा काय उमटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण त्या रुसून घरी बसल्या नाहीत. मिळेल ते काम करीत राहिल्या; १९६८ च्या ‘नील कमल’पर्यंत आणि त्यानंतरही पडद्यावर दिसत राहिल्या. भारत सरकारने १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना दिला. हा मान मिळविणाऱ्या त्या देविकाराणींनंतरच्या दुसऱ्याच स्त्री. यात एक न्याय मला दिसतो. ज्या फाळक्यांना आपल्या चित्रपटासाठी स्त्री मिळाली नाही, त्यांच्याच नावाचा सन्मान त्या स्त्रियांपैकी एकीच्या हाती आला, ज्या उशिरा का होईना, पण पुढे आल्या होत्या. १० ऑक्टोबर १९८३ रोजी मुंबईत, गाजावाजापासून दूर, त्यांनी देह ठेवला. भारतीय चित्रपटाची शताब्दी झाली तेव्हा, २०१३ साली, टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत त्यांचाही चेहरा होता.

चेहराच तेवढा राहिला म्हणावयाचे. आपल्याकडे मूकपटाच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले फार थोडे आज शिल्लक आहेत. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोपर्यंत बहुतेक फिती जळून, विरघळून किंवा चांदीच्या लोभाने नष्ट झाल्या होत्या. ‘वाइल्डकॅट’मधली ती आठ रूपे आज कोणाला पाहता येत नाहीत. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत. डोळे आहेत, त्यांची हालचाल नाही.

सुलोचनाबाईंच्या मागून त्याच जमातीतल्या इतरही आल्या. कलकत्त्याच्या एस्थर अब्राहम ‘प्रमिला’ झाल्या आणि १९४७ साली पहिल्या ‘मिस इंडिया’ ठरल्या. फ्लॉरेन्स इझिकेल ‘नादिरा’ झाल्या आणि १९५२ च्या ‘आन’मध्ये त्यांचे तेज दिसले. बेने इस्रायलांतून सुसान सॉलोमन ‘फिरोजा बेगम’ या नावाने हिंदी आणि मराठी चित्रपटांत आल्या. डेव्हिड अब्राहम चेऊलकर मात्र नाव न बदलता ‘डेव्हिड’ म्हणूनच राहिले आणि ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा घराघरांत पोहोचला. पुरुषाला आपले नाव ठेवता आले, हा भेदही टिपून ठेवण्यासारखा आहे.

१९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत बहुसंख्य बेने इस्रायल तिकडे गेले. जाताना त्यांनी मराठी बरोबर नेली. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. या मंडळींपैकी एका घरात, लोद या गावी, १९७४ साली लिओरा इत्झाक ही मुलगी जन्मली. किशोरवयात ती हिंदुस्थानी संगीत शिकण्यासाठी इस्रायलहून कोठे आली असेल? पुण्यालाच. तेथे ती शिकली, मुंबईला हिंदी चित्रपटासाठी गायली, आणि परत जाऊन इस्रायलमधली गायिका म्हणून नावारूपाला आली. २०१७ साली भारताचे पंतप्रधान प्रथमच इस्रायलला गेले, तेव्हा तेल अवीवच्या समारंभात दोन्ही देशांची राष्ट्रगीते गाण्याचा मान तिला मिळाला. त्या वेळी तिला कोणी नाव बदलावयास सांगितले नाही.

या दोन मुलींच्या मध्ये जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे. एक पुण्यात जन्मली आणि तिला येथली भाषा शिकावी लागली. दुसरी परदेशात जन्मली आणि येथले गाणे शिकण्यासाठी पुण्याला आली. भूमी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा जन्मावरून देतो. पण जन्म माणसाच्या हातचा नसतो. शिकणे हातचे असते. ज्याने आपली भाषा वर्षभर घाम गाळून मिळविली, त्याला परका म्हणण्याचा अधिकार, ज्याला ती आईच्या दुधाबरोबर फुकट मिळाली त्याला कितपत पोहोचतो? पुण्याच्या रूबी मायर्सने हा प्रश्न कधी शब्दांत विचारला नाही. तिने हिंदुस्थानीचे पुस्तक उघडले आणि ती पहिल्या पानापासून वाचू लागली.